शेजारी व्हिडिओ असूनही भार सर्व्हरवरच का?

प्रश्न : संस्थेचे व्हिडिओ आम्ही स्वतःच्या पीअरट्यूबवर ठेवले आहेत. या व्हिडिओ-मंचावर पाहणाऱ्यांची यंत्रं व्हिडिओचे तुकडे एकमेकांनाही देऊ शकतात (पीटूपी). वर्गात 20 विद्यार्थी एकाच वाय-फायवर एकच व्हिडिओ पाहतात, तरी प्रत्येकाला तो सर्व्हरवरूनच येतो. शेजारचा लॅपटॉप का निवडला जात नाही?

उत्तर : कोण कोणाशेजारी बसलंय हे ट्रॅकरला, म्हणजे पाहणाऱ्यांची एकमेकांशी गाठ घालून देणाऱ्या सर्व्हरवरच्या भागाला, कळत नाही. हा व्हिडिओ आत्ता कोण पाहतंय, एवढीच यादी तो देतो. निवड प्लेअर करतो. त्यात अंतर सर्वांत शेवटी येतं. आधी जोडणी जमली पाहिजे, मग हवा तो तुकडा समोरच्याकडे हवा, मग त्याला अपलोडचा वेग हवा.

तुमचं बहुधा जोडणीतच अडतंय. ब्राउझर वेबआरटीसीने (दोन ब्राउझरमध्ये थेट देवाणघेवाण करण्याची पद्धत) एकमेकांना जोडतात, पण लॅपटॉपचा खासगी आयपी पत्ता उघड न करता एक तात्पुरतं नाव पुढे करतात. ते नाव ओळखायला एमडीएनएसचे (स्थानिक नेटवर्कवर नावावरून पत्ता शोधण्याची पद्धत) संदेश वाय-फायवर फिरावे लागतात. राउटरमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ (एकाच वाय-फायवरची यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) चालू असेल तर ते फिरत नाहीत. गेस्ट नेटवर्कवर ही सोय बहुतेकदा चालूच असते. ती सुरक्षेसाठी असते, म्हणून फक्त वर्गाच्या नेटवर्कवर बंद करा. क्रोमच्या वेबआरटीसी-इंटर्नल्स या जोडण्यांची माहिती दाखवणाऱ्या पानावर ‘सक्सीडेड’ (यशस्वी) झालेली एकही जोडी नसेल, तर दोष बहुधा इथेच आहे.

जोडणी होऊनही देवाणघेवाण होत नसेल तर दर्जा पाहा. 720पी पाहणाऱ्याला 480पी पाहणाऱ्याचे तुकडे चालत नाहीत, त्यामुळे ‘ऑटो’वर वर्गाचे गट फुटतात. सर्वांना एकच दर्जा निवडायला सांगा. सगळ्यांनी एकाच क्षणी प्ले दाबलं तर पहिले तुकडे कोणाकडेच नसतात. दोघातिघांना अर्धा मिनिट आधी सुरू करू द्या. अगदी लगेच लागणारा तुकडा मात्र प्लेअर सर्व्हरकडूनच घेतो. व्हिडिओ अडकू नये म्हणून ते योग्यच आहे.

आता हिशोब. 2 एमबीपीएसचा व्हिडिओ 20 जणांना म्हणजे 40 एमबीपीएस. प्रत्येकाने सरासरी 1 एमबीपीएस परत दिला, तरी सर्व्हरला 20 द्यावेच लागतात.

हे सगळं करण्याआधी अडचण इंटरनेटच्या लाइनची आहे की वाय-फायची, ते तपासा. एका लॅपटॉपवरून दुसऱ्याकडे जाणारा तुकडा राउटरमार्गे हवेतून दोनदा जातो. वाय-फायच तुंबलं असेल तर लॅपटॉप एकमेकांना जोडून ते आणखी तुंबेल. तिथे पीटूपी बंद ठेवा आणि शक्य तेवढी यंत्रं केबलने जोडा.