एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला डेट्रॉईट पिस्टन्स हा संघ २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, तळाच्या संघांना पहिला नंबर मिळायची संधी जास्त असते; त्यासाठी हे मुद्दाम केलं होतं का?

नाही. मुद्दाम हरणारा संघ कसा दिसतो ते फिलाडेल्फियाच्या संघाने दाखवलंय. २०१३ पासून त्यांनी चांगला माणूस टिकूच दिला नाही. सर्वोत्तम नवोदित ठरलेला मायकेल कार्टर-विल्यम्सही वर्षभरात दुसऱ्या संघाला देऊन टाकला. २०१५-१६ मध्ये ते १० जिंकले, ७२ हरले. याउलट पिस्टन्सनी २०२३ मध्ये मॉन्टी विल्यम्सला प्रशिक्षक म्हणून आणलं, ते सहा वर्षांसाठी तब्बल ७.८५ कोटी डॉलर्स मोजून. हरायचंच असेल तर एवढा पैसा कोण ओततो?

पहिल्या तीनपैकी दोन सामने तर ते जिंकलेही होते. मग ३० ऑक्टोबरपासून जी घसरण लागली, ती थेट डिसेंबरच्या शेवटापर्यंत.

खरं दुखणं संघाच्या बांधणीत होतं. लांबून तीन गुणांचा नेम धरणारे फारसे कुणी नव्हतेच. भरवशाचा बोयान बोग्दानोविच सुरुवातीलाच जखमी, अनुभवी मॉन्टे मॉरिसही बाहेर. त्यामुळे समोरचा संघ बाकीच्यांना खुशाल मोकळं सोडायचा आणि पिस्टन्सचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम बास्केटकडे घुसला की तिघं त्याच्यावर तुटून पडायचे. त्यात विल्यम्सने जेडन आयव्हीला बेंचवर बसवून किलियन हेजला सुरुवातीच्या पाचांत खेळवलं. हे गणित मला आजही उमगलेलं नाही.

२६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध केडने एकट्याने ४१ गुण केले, तरी ११८-११२ अशी हार. एका मोसमात सलग २७ पराभव, नवा नकोसा विक्रम. घरच्याच मैदानावर प्रेक्षक मालक टॉम गोर्सच्या नावाने ‘संघ विका’ म्हणून ओरडत होते. दोन दिवसांनी बॉस्टनमध्ये, जिथे त्या मोसमात तोवर कुणी जिंकलं नव्हतं, मध्यंतराला १९ गुणांची आघाडी होती. तीही घालवली, जादा वेळेत हरले. मुद्दाम हरणारे असे शेवटपर्यंत झुंजत नाहीत हो! अखेर ३० डिसेंबरला टोरंटोला १२९-१२७ असं हरवलं. टोरंटोने त्याच दिवशी आपला महत्त्वाचा खेळाडू ओजी अनुनोबी न्यूयॉर्कला दिला होता, हेही खरं.

राहता राहिला ड्राफ्ट. तो नंबर सोडतीने ठरतो आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची संधी सारखीच होती, १४ टक्के. २०२३ मध्ये सगळ्यांत तळाला राहून पिस्टन्सना पाचवा नंबर मिळाला, त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला वेम्बान्यामा गेला सॅन अँटोनियोला. २०२४ मध्ये १४-६८ करून पुन्हा तळाला, पुन्हा पाचवाच नंबर.

त्यानंतर विल्यम्सला काढलं, जे. बी. बिकरस्टाफ आला. मलिक बीस्ली, टिम हार्डवे ज्युनियर, टोबायस हॅरिस अशी नेमबाज आणि अनुभवी माणसं घेतली. केड तोच. २०२४-२५ मध्ये ४४ विजय आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. तिथे न्यूयॉर्ककडून सहा सामन्यांत हरले.