निवृत्तीच्या उंबरठ्यावर सहा लाखांची जुनी नोट

प्रश्न : मी ५६ वर्षांचा असून दोन वर्षांनी निवृत्त होणार आहे. पुढच्या महिन्यात माझी सहा लाखांची मुदत ठेव पूर्ण होते. एक विक्रेता बँक ऑफ बॉम्बेची जुनी नोट तेवढ्याच किमतीला देऊ करत आहे. नोटेच्या मधोमध उभा जोड आहे. अशा नोटा आता पुन्हा निघणार नाहीत, त्यामुळे भाव चढतच राहणार, असे तो म्हणतो आणि लंडनच्या लिलावांतील भाव दाखवतो. घरकर्जाचे साडेचार लाख रुपये अद्याप बाकी आहेत. नोट घ्यावी का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गुंतवणूक म्हणून ही नोट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रेत्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. १८४० मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ बॉम्बेला स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार होता आणि १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो सरकारकडे गेला. म्हणजे या नोटा जेमतेम दोन दशके निघाल्या, आणि बँकेकडे परत आलेली नोट रद्द होत असल्यामुळे मागे राहिलेल्या नोटा फार थोड्या आहेत. मुंबईच्या टाउन हॉलचे, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि माल्कम यांच्या पुतळ्यांचे चित्र असलेल्या या नोटा पाहताना संग्राहकाचा जीव का गुंततो, हे मलाही समजते. मात्र वस्तू दुर्मीळ असणे आणि आपल्याला गरज पडेल त्या दिवशी तिला गिऱ्हाईक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या नोटांचे खरेदीदार मोजके असतात, आणि त्यांतील दोघांनी एखाद्या लिलावाकडे पाठ फिरवली तरी भाव खाली येतो.

लंडनच्या भावांविषयी विशेष सावध राहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेथील लिलावात विकली जाणारी नोट आधीपासूनच परदेशात असते. आपली नोट मात्र भारतातच विकावी लागेल. त्यामुळे तो भाव आपल्या हिशेबात धरताच येत नाही.

आता आकडे पाहू. सहा लाख रुपये सात टक्के दराने पाच वर्षे ठेवले, तर सुमारे ८ लाख ४१ हजार होतात. नोट विकताना लिलावगृहाने १५ टक्के कमिशन घेतले असे धरले, तर तेवढीच रक्कम हाती येण्यासाठी नोटेवर सुमारे ९ लाख ९० हजारांची बोली लागली पाहिजे. म्हणजे भाव दरवर्षी साडेदहा टक्क्यांनी वाढला पाहिजे, आणि तोही मधल्या काळात एक रुपयाचे व्याज न देता. दोन्हीकडचा कर मी येथे बाजूला ठेवला आहे. शिवाय आजचे सहा लाख हा विक्रेत्याने सांगितलेला भाव आहे. हीच नोट उद्या परत घ्याल का आणि कितीला, असे त्याला विचारून पाहावे. त्याचे उत्तर कोणत्याही लिलाव-सूचीपेक्षा अधिक बोलके असेल.

मधल्या जोडाबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. टपालातील चोरीच्या भीतीने त्या काळी नोटेचे दोन तुकडे करून ते वेगवेगळ्या टपालाने पाठवत आणि पोहोचल्यावर जोडत. त्यामुळे जोड म्हणजे बनावट, असे होत नाही. परंतु दोन्ही अर्ध्यांवरील क्रमांक जुळतात का, कागद आणि शाई एकाच नोटेची आहे का, जोड जुना आहे की अलीकडे दुरुस्ती करून नोट सजवली आहे, हे तपासलेच पाहिजे, कारण दुरुस्त केलेल्या नोटेचा भाव अखंड नोटेच्या भावापेक्षा बराच कमी असतो. क्रमांक आणि सही नसलेली नमुना प्रत चलनात फिरलेल्या नोटेच्या भावाने गळ्यात मारली जात नाही ना, हेही पाहावे. विक्रेत्याने स्वतः दिलेला दाखला यासाठी पुरेसा नाही. नोटा तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएमजीसारख्या (पेपर मनी गॅरंटी) स्वतंत्र संस्थेची प्रतवारी हवी, आणि ती होईपर्यंत विसारही देऊ नये.

ठेवीच्या पैशांतून आधी साडेचार लाखांचे घरकर्ज फेडावे. त्यावर वाचणारे व्याज निश्चित आहे, आणि निवृत्तीनंतर हप्त्याची टांगती तलवार राहणार नाही. उरलेल्या दीड लाखातील एक लाख अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत. राहिलेले पन्नास हजार बुडाले तरी चालतील, अशी मनाची तयारी असेल, तर छंद जरूर करावा. त्याची सुरुवात इम्पीरियल बँकेचे (आजच्या स्टेट बँकेची पूर्वज) जुने धनादेश, हुंड्या किंवा जुनी भागपत्रे (शेअर सर्टिफिकेट) यांपासून करता येईल. ही कागदपत्रे बरीच स्वस्त मिळतात आणि कागद, छपाई व सह्या ओळखण्याची नजर त्यांच्यावरच तयार होते. प्रत्येक खरेदीची पावती जपावी, कागद पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नयेत, आणि कोणती वस्तू केवढ्याला घेतली याची यादी घरच्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी.

त्या विक्रेत्याला नकार कळवताना पुढील दोन वर्षांत आपण अशी कोणतीही मोठी खरेदी करणार नाही, हेही सांगून टाकावे, म्हणजे तो कमी भावाचा नवा प्रस्ताव घेऊन येणार नाही.