नाली बुजली, पण पाणी कुठं गेलं?

प्रश्न : आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. वस्ती 3000 च्या आसपास. गावातल्या उघड्या नाल्या बुजवून पाइप टाकायचे आणि शेवटचं तोंड घाटाजवळ नदीत सोडायचं, असं ग्रामपंचायतीत घाटत आहे. मुंबईतला माझा भाचा म्हणतो, तिथलंही घाण पाणी पाइपानं समुद्रातच जाते. आणि नागपूरच्या घाणीनं नदी आधीच काळी पडली, तर आमच्या चार नाल्यांनी असा काय फरक पडणार?
— एक वाचक भगिनी, जि. भंडारा

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वरळी आणि वांद्र्याचे पाइप समुद्रात तीन किलोमीटरहून आत जातात. तिथं दिवसातून दोनदा भरती येते, खाऱ्या पाण्यात जंतूही लवकर मरतात. तरी भागलं नाही. म्हणून तर मुंबईत आता सात नवी शुद्धीकरण केंद्रं उभी होत आहेत, दिवसाला 246 कोटी लिटर पाण्यासाठी. तुमच्याकडे भरती कुठली? गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून नदी नाही, साचलेलं पाणी आहे. घाटाजवळ सोडलेलं घाटाजवळच राहणार, आणि त्यावर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजणार. ढिवरांना विचारा, जाळं टाकायला मोकळं पाणी किती उरलं.

नागपूरचा दोष आहेच. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. पण आधी हे पाहा की तुमच्या नळयोजनेची विहीर पाइपाच्या तोंडापासून किती दूर आहे. धरणाच्या फुगवट्यात वरचं आणि खालचं असं फारसं राहत नाही, वाऱ्यानंही पाणी मागं सरकतं. नागपूरची घाण दुरून येता येता थोडी तरी निवळते. तुमची थेट विहिरीशी.

आता पाइपाबद्दल. मी पाणीपुरवठ्याच्या खात्यात शाखा अभियंता होतो, पाइपाचा मला राग नाही. पण खेड्याच्या नालीतून काय वाहतं? भांड्यांची राख, धानाचा कोंडा, गोठ्यातलं शेण. उघडी नाली तुंबली तर फावड्यानं उपसता येते. बंद पाइप तुंबला तर चेंबर लागतात, पाण्याच्या जोरानं साफ करणारं यंत्र लागतं. ते तालुक्याहून मागवायचं, भाडं कोण देणार? आणि आत माणूस उतरवायचा विचारही करू नका, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. गाव सपाट असेल तर उतार मिळायचाही वांधा. माझ्या मते सिमेंटची उथळ नाली, वर उचलता येतील अशा फरश्या, एवढं तुमच्या गावाला पुष्कळ.

खरा खर्च शेवटच्या तोंडावर करा. माणशी 55 लिटर नळाचं पाणी धरलं तर त्यातलं 80 टक्के नालीत येतं. 3000 वस्तीला दिवसाला साधारण 1 लाख 32 हजार लिटर. नदीच्या अलीकडे एकापुढे एक अशी तीन तळी खोदली, पाणी त्यांत आठवडाभर थांबलं, तर गाळ बसतो, ऊन आणि शेवाळ बाकीचं काम करतात. दीड मीटर खोलीनं पाण्यालाच सहा-सात आर जागा लागेल, बांध धरून दहा-बारा. वीज नको, ऑपरेटर नको, फक्त दर काही वर्षांनी गाळ काढायचा. पुराच्या रेषेच्या वर जागा निवडा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात सगळं नदीत.

शोषखड्डे सुचवणारे भेटतील. हलक्या खरडी-बरडी जमिनीत चालतात. कन्हारीत, म्हणजे काळ्या चिकण जमिनीत, चालत नाहीत: ती ओली झाली की फुगते, खड्डा भरून वाहतो. खाली मुरूम लागतो का, ते खोदून पाहिल्याशिवाय पैसे घालू नका.

आणि एक अवघड गोष्ट, जी ग्रामसभेत कोणी बोलत नाही. किती घरांच्या संडासाच्या टाकीचा पाइप नालीत सोडला आहे? ते पाणी आलं की हा हिशेबच मोडतो, एवढी तळी पुरत नाहीत. आधी ते पाइप शोधून बंद करा, त्यात सरपंचाचं घर निघालं तरी.

पैसा आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये ठरले होते, म्हणजे तुमच्यासारख्या गावाला 8 लाख 40 हजार. आता काय शिल्लक आहे, ते ग्रामसेवकाकडून लेखी घ्या. तळ्यासाठी धरलेल्या जागेचा गट नंबर आणि नालीच्या उताराचा नकाशा, हे दोन कागद समोर आल्याशिवाय ठरावाला हात वर करू नका.