वाघिणीचे कान पाहावेत

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची एकवीस छायाचित्रे पोहोचली. मोहर्लीच्या बाजूने चार फेऱ्या करून तुला ताडोब्यातील वाघीण तिच्या तीन पिल्लांसह दिसली, हे भाग्यच म्हणायचे. पत्राच्या शेवटी, ताजा कलम असावा तसा, तू एक प्रश्न लिहिला आहेस: वाघीण थेट कॅमेऱ्यात पाहते आहे असे एकही चित्र मिळाले नाही, माझे काय चुकले? पत्रातील बाकीच्या प्रश्नांपेक्षा मला हाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तुझे काहीही चुकलेले नाही. पिल्ले सोबत असलेली वाघीण जेव्हा रोखून तुझ्याकडे पाहते, तेव्हा ती पिल्लांवरचे, नाल्याकडचे आणि वाऱ्यावरचे लक्ष काढून तुझ्या जिप्सी गाडीवर आणते. लोक अशा चित्राला भेदक नजर म्हणतात. मला त्यात कामात व्यत्यय आलेली आई दिसते.

म्हणून डोळ्यांआधी तिचे कान पाहायला शीक. वाघाच्या कानांच्या मागच्या काळ्या भागावर प्रत्येकी एक पांढरा ठिपका असतो, तो तुला ठाऊकच आहे. वाघीण निश्चिंत असते तेव्हा तिचे दोन्ही कान वेगवेगळे फिरत असतात. एक मागे चाललेल्या पिल्लांकडे, तर दुसरा दूर कुठेतरी ओरडलेल्या चितळाकडे. हे दोन्ही कान थांबून तुझ्याकडे लागले, की कॅमेरा खाली घ्यावा आणि चालकाला हळूच सांगावे की गाडी मागे घेता येईल का ते पाहा. कान वळून मागचे ठिपके समोरून दिसू लागले आणि शेपटीचे टोक झटके देऊ लागले, तर तू आधीच उशीर केला आहेस. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायला सांगितले आहे. ते पाळायचेच; पण पिल्ले लहान असताना खरे अंतर तिचे कान ठरवतात आणि ते कधी ५० मीटर असते, तर कधी शंभरही पुरत नाही.

पिल्लांच्या वयाबद्दल तू विचारले आहेस. सुमारे १०० ते १०५ दिवसांच्या गर्भारपणानंतर वाघीण साधारणतः दोन ते चार पिल्ले घालते. ती जन्मतः आंधळी आणि सुमारे किलोभर वजनाची असतात, आणि जवळजवळ दोन महिने वाघीण त्यांना बांबूच्या दाटीत किंवा नाल्याच्या कपारीत दडवून ठेवते. या दोन महिन्यांत छायाचित्र घ्यायचे नाही, एवढाच माझा सल्ला आहे. एखादी वाघीण दुधावर असल्याचे गाइडने सांगितले आणि ती संध्याकाळी न रेंगाळता, वास न घेता, सरळ एका दिशेने निघाली असेल, तर तिच्या वाटेच्या पुढे जाऊन उभे राहण्याचा मोह टाळ. जागेचा संशय आला की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. ती एकाला घेऊन गेलेली असताना उरलेली पिल्ले उघड्यावर एकटी असतात, आणि अस्वल, रानकुत्रे, परका नर यांपैकी कुणालाही तेवढा वेळ पुरतो.

वाघाची निम्म्याच्या आसपास पिल्ले दोन वर्षांची होण्याआधीच जातात, आणि नव्याने आलेला नर हे त्याचे एक मोठे कारण असते. ताडोब्याच्या पांढरपौनी भागातली माया वाघीण तुझ्या पिढीने भरपूर पाहिली. पिल्ले पदरात असताना नरांशी सलगी करून त्यांना पिल्लांपासून दूर ठेवण्याची तिची रीत अनेक छायाचित्रकारांनी टिपली होती, आणि तरीही तिची अनेक पिल्ले वाचली नाहीत. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसली नाही. नोव्हेंबरात सापडलेले अवशेष तिचेच असल्याचे डीएनए तपासणीतून कळले. पेंचच्या मध्य प्रदेशातील भागात कॉलरवाली वाघिणीने आठ वेतांत २९ पिल्ले दिली, हे आकडे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या प्रत्येक पिल्लामागे वाघिणीने काय काय केले असेल, ते आपल्या चित्रांत फारच थोडे आले आहे.

तुझ्या एकवीस चित्रांपैकी सोळा पिल्लांच्या खेळाची आहेत. ती गोड आहेत, आणि तशी चित्रे आता हजारोंनी उपलब्ध आहेत. पिल्ले वर्षाची झाली, अंगाने आईएवढी दिसू लागली, की हौशी मंडळींचा रस संपतो. माझ्या मते खरा विषय तिथे सुरू होतो. या वयात पिल्लांना शिकारीची घाई असते आणि अक्कल नसते. आई ताडोब्यातल्या जामनीच्या गवतात पोटावर सरकत चितळांच्या कळपाकडे निघालेली असते आणि तिच्या मागचे एक शहाणे उठून उभे राहते. कळप शेपट्या उभारून पळतो, आणि वाघीण तिथेच बसून पंजा चाटू लागते. तो बसण्याचा क्षण मी वर्षानुवर्षे टिपू पाहतो आहे आणि मनासारखा एकदाच मिळाला. आणखी काही महिन्यांनी ती त्याच पिल्लांवर शिकारीपाशी गुरगुरू लागते, त्यांना अर्धवट खाऊ देते, एक दिवस मुळीच येत नाही. दीड ते दोन वर्षांच्या आसपास पिल्ले स्वतंत्र होतात. हा सगळा काळ एकाच वाघिणीचा टिपायचा, तर तुला चार फेऱ्या नव्हे, चार ऋतू लागतील. पैसे कमी असतील तर कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातल्या, दोन फेऱ्यांऐवजी बफरच्या, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, अधिक फेऱ्या घे. वाघिणी सीमा पाहून पिल्ले वाढवत नाहीत.

आता माझ्याच एका चुकीविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका बफरमध्ये वाघीण पाणवठ्याकडे निघालेली पाहून मी चालकाला गाडी तीस पावले पुढे घ्यायला लावली, कारण मला ती समोरून येताना हवी होती. त्याने नको म्हटले होते. वाघीण गाडीपुढून रस्ता ओलांडून गेली, तिच्यामागे दोन पिल्लेही गेली. तिसरे मात्र आमची गाडी मध्ये आल्यामुळे बांबूच्या कडेला अडकले. पुढचा एक पंजा उचलून ते कितीतरी वेळ तसेच उभे होते, आणि मग आत सरकले. पलीकडून वाघीण हलक्या, खर्जातल्या आवाजात हाका मारत होती. आमच्या मागे तोवर आणखी चार जिप्सी लागल्या होत्या, त्यामुळे आम्हाला मागेही जाता येईना. पिल्लू चाळीस मिनिटांनी पलीकडे गेले. समोरून आलेल्या वाघिणीचे ते चित्र उत्तम आहे, आणि मी ते आजवर कुठेही लावलेले नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली की काय होते, ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि संबंधित चालक व गाइड यांच्यावर कारवाई झाली. गाड्यांत बसलेल्या पर्यटकांच्या आग्रहाविषयी मात्र फारसे बोलले गेले नाही. चालकाचे बक्षीस तुझ्या समाधानावर अवलंबून असते, हे विसरू नकोस. जवळ जाऊ नका, असे तू फेरीच्या सुरुवातीलाच म्हटलेस, तर त्याच्या मनावरचे ओझे उतरते.

तांत्रिक बाबींत एकच दोष सांगतो. आई आणि पिल्लू एका चित्रात घेताना तू भिंगाचे छिद्र एफ/४ वर ठेवले आहेस. ५०० मिमी भिंगाने, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, ३० मीटरवरून त्यात जेमतेम ८५ सेंटिमीटर खोलीच सुस्पष्ट येते. पिल्लू आईच्या मागच्या पायांपाशी असले तर ते धूसर होणारच. छिद्र लहान करून एफ/८ ठेवलेस तर ही खोली सुमारे दुप्पट होते. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढव, चित्रात दाणे आले तरी चालतील. आणि चित्र प्रसिद्ध करताना पिल्ले लहान असतील, तर नाल्याचे किंवा पाणवठ्याचे नाव लिहू नकोस, फाइलमधील ठिकाणाची नोंद काढून टाक आणि निदान काही आठवडे थांब.

चौदाव्या क्रमांकाच्या चित्राबद्दल तू क्षमा मागितली आहेस, कारण त्यात वाघीण पाठमोरी आहे आणि पिल्लांपैकी एकाची फक्त शेपटी दिसते. तिचा डावा कान मागे, त्या शेपटीकडे वळलेला आहे, आणि उजवा समोरच्या ऐनाच्या झाडांकडे. तिथे काय होते, ते तुझ्या वहीत लिहिले आहेस का? नसेल, तर आठवते आहे तोवर लिहून काढ आणि त्या चित्राची मूळ फाइल मला पाठव. १ जुलैला कोअर बंद होण्याआधी जमले तर घरी ये. मोठ्या आकारात छापून पाहू.

तुझा,
एक जुना छायाचित्रकार