आजोबांच्या दिंडीत कॅप्टन कोण?

प्रिय मनू,

शनिवारी मॅचवरून येताना तू गाडीत विचारलंस, "आजोबांच्या दिंडीत कॅप्टन कोण असतो? त्याचं सगळे का ऐकतात? माझं तर कोणीच ऐकत नाही." नेटबॉल टीमची कॅप्टन झाल्यापासून तुझा आवाज बसलाय, ते दिसतंय मला. उत्तर मोठं आहे म्हणून लिहून देतेय. मराठी शाळेच्या वाचनाचा सरावही होईल, कुरकुर करू नकोस.

आधी दिंडी डोळ्यांसमोर आण. पुढे पताका घेतलेली माणसं, मग ओळीने टाळकरी, त्यांच्या मधोमध पखवाजवाला आणि त्यांच्या मागे वीणेकरी. त्याच्यामागे बायका, कुणाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, कुणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. दिंडीचा मुख्य म्हणशील तर तो वीणेकरी. अभंग तो धरतो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. पण मनाला येईल तो अभंग त्यालाही धरता येत नाही. सकाळी काकड्याचे, मग भूपाळ्या, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, हरिपाठ, असा क्रम ठरलेला असतो आणि टाळकऱ्यांनाही तो पाठ असतो. वीणेकरी चुकला तर मागच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. त्याला मान आहे, पण मोकळीक फार नाही.

अशा शेकडो दिंड्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जातात. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. पुण्याहून सासवडचा टप्पा 30 किलोमीटरच्या वर, आणि त्यातच दिवेघाट. रथाच्या पुढच्या 27 दिंड्यांचे नंबर ठरलेले, मागच्यांचेही ठरलेले. आपला नंबर सोडून कुणी पुढे घुसत नाही.

आता तुला आवडेल ते सांगते. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरती होते. पालखी मध्ये ठेवतात, सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे चांदीने मढवलेला दंड, वर करतो आणि आवाज थांबतो. त्यासाठी शिट्टी नाही की ओरडणं नाही. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. पाण्याचा टँकर आला नाही, कुणी नंबर मोडला, असं काहीतरी असतं. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, ऐकून घेतो, तोडगा निघाला की ते टाळही थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं घेतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि मग आरती. फलटणच्या मुक्कामाला मी हे लहानपणी पाहिलंय. मला तेव्हा चोपदारापेक्षा ती वाजत राहणारी दिंडी भारी वाटली होती. सगळे गप्प असताना आपलं गाऱ्हाणं वाजवायची सोय तिथे मुद्दाम ठेवलेली आहे. चोपदाराचं लोक ऐकतात ते मला वाटतं यामुळेच. तो आधी त्यांचं ऐकतो.

ही शिस्त कुठून आली विचारशील, तर हैबतबाबा आरफळकरांचं नाव घेतात. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू दिले, आणि आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. फौजेत राहिलेल्या माणसाने फौजेची शिस्त घेतली आणि तलवार मागे ठेवली, असं मला नेहमी वाटतं. आळंदीला देवळाच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे, लोक तिथे डोकं टेकवून मग आत जातात.

पण वारी वर्षातून एकदा. आजोबा जे शिकले ते वारीत कमी आणि गावच्या सप्त्यात जास्त, असं माझं मत आहे (त्यांना सांगू नकोस). अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस रात्रंदिवस वीणा चालू असते. ती खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावतात, देवळाच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असतो. पहारा बदलताना एकमेकांच्या पाया पडायचं, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आमच्या गावात तो कागद आजोबा लिहायचे. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असायचा. एका वर्षी त्या पहाऱ्याचा माणूस आलाच नाही. आजोबांचा पहारा बारा ते दोन होता, ते तसेच चारपर्यंत उभे राहिले. सकाळी त्याच्या घरी गेले ते भांडायला नाही. म्हशीचं विचारायला गेले, कारण ती त्या रात्री व्यायली होती. आता तुला वाटेल तो माणूस सुधारला. छे! पुढच्या वर्षीही उशिराच आला. मग आजोबांनी त्याचा पहारा दुपारचा लावला, आणि तिथे तो एकदाही चुकला नाही. रात्रीचा पहारा मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एका गिरणी कामगाराला दिला. त्याला रात्रपाळीची सवयच होती.

वारकरी म्हणून सगळी माणसं सोन्याची असतात असं समजू नकोस हं. पंढरपूरहून येऊन भावाशी बांधावरून भांडणारे मी पाहिलेत, आणि पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेला कचराही. पण नेम मोडायचा नाही, ही गोष्ट खरी. 2020 मध्ये करोनामुळे माउलींच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झालीच नाही. त्या दिवसांत आजोबा पहाटे उठून त्या त्या वाराचे अभंग घरीच म्हणत होते. फोनवर चिडचिड करत होते, गुडघे दुखत नाहीत म्हणून करमत नाही म्हणे! पण अभंग एक दिवस चुकला नाही.

आता तुझ्या टीमचं. त्या उंच मुलीला तू गोल डिफेन्सला उभं करतेस आणि मग ती हलत नाही म्हणून ओरडतेस. तिला तिथे खेळायचंय का, हे विचारलंस का कधी? आणि प्रॅक्टिस संपली की सगळ्यांसमोर दोन मिनिटं कुणाला काही बोलायचं असेल तर बोलू दे. तू मध्ये बोलायचं नाही. जमेल?

वारीला यायचं म्हणतेस, तर शाळेची सुट्टी आणि आषाढी जुळेल त्या वर्षी जाऊ, निदान लोणंद ते फलटण. वीणा काही तुला मिळायची नाही, टाळ मिळाले तरी पुष्कळ. आजोबांना रविवारी फोन कर आणि हरिपाठ म्हणायला लाव. पहिले पाच अभंग पाठ झाल्याशिवाय ते दिंडीत नाव लिहीत नाहीत, नातीचंसुद्धा.

तुझी,
आई