मेडिकलला अनफिट, रिव्ह्यूलाही अनफिट: कोर्टात जायचं का?

मोहोळच्या ज्या भावाने विचारलंय की जीडी कॉन्स्टेबलच्या (सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय फोर्समधला शिपाई) मेडिकलला नॉक नी (उभं राहिलं की गुडघे एकमेकांना लागतात) म्हणून अनफिट केलं, रिव्ह्यूला म्हणजे फेरतपासणीला पण तेच, आणि इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी मात्र फिट लिहून दिलंय तर केस टिकेल का, त्याच्यासाठी लिहितोय. मी वकील नाही, पण नेमकं हेच भोगलंय म्हणून राहवेना.

बाहेरच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर केस उभी करू नको. कोर्टं म्हणतात फोर्सची ड्युटी काय असते ते त्यांच्या डॉक्टरांना कळतं, तिथले निकष साध्या नोकरीपेक्षा कडकच राहणार. कोर्ट बघतं ते वेगळं. रिव्ह्यूला हाडाचा स्पेशालिस्ट होता का, मोजमाप कागदावर आहे का, दोन्ही वेळचं कारण एकच आहे का की रिव्ह्यूला नवीनच काढलं, गृह मंत्रालयाच्या 2015 च्या गाईडलाईन्समध्ये (पुढं सुधारणा झाल्यात, ताजी प्रत बघ) तो दोष खरंच अपात्रतेत बसतो का. यातलं काही सापडलं तर केसमध्ये दम आहे. आणि जिंकलास तरी थेट नेमणुकीची ऑर्डर मिळत नाही, बहुतेक वेळा नव्या बोर्डाकडून परत तपासणी, एवढंच.

आमच्या वेळी अपिलाला, म्हणजे रिव्ह्यू मागायला, 15 दिवसांत जिल्हा किंवा त्यावरच्या सरकारी हॉस्पिटलच्या स्पेशालिस्टचं सर्टिफिकेट लागायचं, आणि "बोर्डाने उमेदवाराला आधीच अनफिट ठरवलंय हे माहीत असून देतोय" ही नोंद त्यात नसली तर ते विचारातच घेत नव्हते. मी ज्या हॉस्पिटलात गेलो (नाव घेत नाही) तिथं डॉक्टरांनी नीट तपासलं, पण टेबलावरचा माणूस म्हणे आमचा छापील नमुना आहे, जास्तीचं वाक्य लिहीत नाही. फोर्सचा फॉर्म पुढं ठेवला तर हात लावला नाही. साहेब मीटिंगला, शिक्का दुसऱ्या खोलीत, उद्या या. शेवटी हातात पडलं ते नुसतं "फिट". अपील त्याच मुद्द्यावर फेटाळलं, गुडघे कुणी बघितलेच नाहीत! रोज पहाटे उठून पळणाऱ्या पोराचं वय निघून जातं एका ओळीपायी, आणि त्या टेबलाला कुणी जाब विचारत नाही. अजून संताप होतो.

आता रिव्ह्यू लगेच, बहुतेक दुसऱ्या दिवशीच होतो, सर्टिफिकेटची भानगड गेली पण तयारीला वेळही नाही. म्हणून अनफिटच्या दोन्ही स्लिपा जपून ठेव, त्यावर कारण काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच. आरटीआयच्या भरवशावर बसू नको, सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ हे सगळे त्या कायद्याच्या कलम 24 मध्ये वगळलेत, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्काचा मुद्दा नसेल तर अर्ज परत येतो. रेकॉर्ड कोर्टामार्फतच मागवायचं.

आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर मुंबई गाठायचो, तुला 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, सोलापूर जिल्हा त्यातच येतो. मेडिकल दुसऱ्या राज्यात झालं असेल तर हद्दीचं वकिलाला आधी विचार. सोरेगावच्या एसआरपीएफची किंवा राज्य पोलीस भरतीची केस असती तर मॅटला (राज्य सरकारी नोकरीच्या केसेसचं न्यायाधिकरण) जावं लागलं असतं, तिथं साधारण वर्षाची मुदत. हायकोर्टात रिटला अशी ठरलेली मुदत नाही, पण म्हणून थांबू नको, जागा भरल्या की खेळ संपला. निकाल लागेपर्यंत एक जागा रिकामी ठेवा ही मागणी पहिल्याच दिवशी घालायला लाव.

वकील सर्व्हिस मॅटरवालाच, म्हणजे सरकारी नोकरीच्या केसेस लढणाराच बघ. एससी, एसटी आणि महिलांना उत्पन्न न बघता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे, हे पोरांना कुणी सांगतच नाही.

आणि मैदानाभोवती "मेडिकल सेट करून देतो" म्हणत दलाल फिरायलेत ना, त्यांना एक रुपया देऊ नको. तेवढ्या पैशात वकिलाची फी निघते.