लेक्चर पाहून झालं, पण विषय आला का?

"मॅडम, लेक्चर बघताना सगळं समजतं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर काहीच सांगता येत नाही. आणि न पाहिलेल्या लेक्चर्सचा बॅकलॉग तर वाढतच चाललाय." एमबीबीएसची मुलं-मुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती थोड्याफार फरकाने हेच सांगतात. सीए करणाऱ्यांचंही हेच गाऱ्हाणं असतं. बहुतेकांनी येण्याआधीच स्वतःचं निदान करून टाकलेलं असतं: एकाग्रता गेली, मोबाइलनं डोकं बिघडवलं, नाहीतर आपली या कोर्सची लायकीच नाही. या शेवटच्या निदानाची मला फार काळजी वाटते, कारण ते ठाम पटलेलं मूल अभ्यासाची पद्धत तपासून बघायलाच तयार नसतं.

मुक्ताचं तसंच होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) परभणीकडच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, नीटला चांगले गुण, शासकीय महाविद्यालयात प्रवेश. पहिल्या वर्षीचं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिनं जागरणं आणि पाठांतर करून पार पाडलं. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, फार्मॅकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी आलं, त्यात वॉर्डातली पोस्टिंगही सुरू झाली. सीनियर्सच्या सल्ल्याने तिनं एका ॲपची रेकॉर्डेड लेक्चर्स घेतली. कॉलेज आटोपून हॉस्टेलवर आली की रात्री एकपर्यंत ती लेक्चर्सच बघायची. फार्मॅकच्या पहिल्या इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, नापास झाली, तेव्हा मैत्रीण तिला माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी तिला सल्ला दिला नाही. दुसऱ्या भेटीला वही आणि टॅब घेऊन यायला सांगितलं आणि म्हटलं, "हॉस्टेलवर जशी बसतेस तशीच बस. मी नुसती बघते."

तिनं ऑर्गॅनोफॉस्फरसच्या, म्हणजे कीटकनाशकांच्या विषबाधेचं लेक्चर लावलं. सर एक वाक्य बोलले की व्हिडिओ थांबवायचा, वाक्य लिहून घ्यायचं, मथळ्याला निळं पेन, औषधाला हिरवं, मग पुढचं वाक्य. स्लाइडवर तक्ता आला की तो जसाच्या तसा वहीत. एका तासाच्या लेक्चरला तिला तीन-साडेतीन तास लागत होते, यात नवल नव्हतं. वही मात्र फार सुंदर होती.

थोड्या वेळाने मी टॅब आणि वही दोन्ही मिटायला सांगितलं. "मी डॉक्टर नाही. मला समजेल असं मराठीत सांग."

सुरुवात तिनं छान केली. नसांचे संदेश स्नायू आणि ग्रंथींपर्यंत नेणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन मोडणारं एक एन्झाइम शरीरात असतं, हे विष ते बंद पाडतं, मग ॲसिटिलकोलीन साठत जातं. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, छातीत स्राव भरतो, स्नायू थरथरतात. उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. मी विचारलं, "ॲट्रोपिन दिलं की स्नायूंची थरथरसुद्धा थांबते का?"

ती गप्प झाली. वही उघडली तेव्हा उत्तर हिरव्या शाईत तिच्याच अक्षरात होतं. ॲसिटिलकोलीन पेशीवर जिथे जुळतं त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, दोन प्रकारचे: ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टरवर काम करतं, स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक असतात, म्हणून थरथर आणि अशक्तपणा त्याने जात नाही. एन्झाइम पुन्हा मोकळं करायला प्रॅलिडॉक्सिम हे औषध असतं आणि ते लवकर द्यावं लागतं. थोड्याच वेळापूर्वी लिहिलेलं. तिला रडू आलं.

मी तिला म्हटलं, तुझी स्मरणशक्ती कमी आहे असं यातून ठरत नाही. इतका वेळ तू तिला एकदाही काही विचारलंच नाहीस. डोळे बघत होते, हात लिहीत होता. आठवायची वेळ तिच्यावर आली ती मी वही मिटायला लावली तेव्हा.

मग मी तिला दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. विज्ञानाच्या मुलांना "माझं ऐक" म्हणण्यापेक्षा पुरावा दाखवलेला बरा. 2013 मध्ये मानसशास्त्रज्ञ शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकच मजकूर दोन प्रकारे सांगितलेला दाखवला: एका व्हिडिओत सफाईदार, दुसऱ्यात अडखळत. सफाईदार व्हिडिओ पाहणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल असं वाटलं. प्रत्यक्षात दोन्ही गटांना जवळपास सारखंच आठवलं. ॲपवर शिकवणारे बहुतेक जण बोलण्यात कमालीचे सफाईदार असतात. त्यांचं समजावणं इतकं सरळ असतं की ती सफाई आपल्याच समजुतीची वाटू लागते.

दुसरा अभ्यास रोडिगर आणि कार्पिके यांचा, 2006 सालचा. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे. यातला पहिला भाग मी मुलांना मुद्दाम ठसवते. पद्धत बदलल्यावर सुरुवातीला आपलं आणखीच बिघडलंय असं वाटतं, आणि बरीच मुलं तिथेच सोडून देतात.

आम्ही ठरवलं ते फार साधं होतं. लेक्चर लावण्याआधी छापील नोट्समधले मथळे पाच मिनिटं वाचायचे आणि दोन-तीन प्रश्न लिहून ठेवायचे. मग पंधरा-वीस मिनिटं न थांबवता बघायचं. पेन हातात असलं तरी अडलेल्या जागेचा एखादा शब्द आणि व्हिडिओतली वेळ, एवढंच लिहायचं. नंतर स्क्रीन बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवायचं, आकृतीसुद्धा तेव्हाच काढायची. जिथे अडलं तेवढाच भाग परत लावायचा. त्या विषयाचे दहा एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या दिवशी सोडवायचे, त्याच रात्री नाही.

"मॅडम, न लिहिता कसं बघायचं? काही सुटलं तर?" हा प्रश्न तिनं पुन्हा पुन्हा विचारला, आणि मला तो महत्त्वाचा वाटला. शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या, मुलं उतरवायची, मग वही तपासली जायची. पूर्ण वही असलेली मुलगी हुशार. या सवयीनेच तिला गावातून मेडिकलपर्यंत आणलं होतं, त्या सवयीला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्या शाळेत छापील नोट्स नव्हत्या आणि इथे ॲपनेच दिल्या आहेत. त्या पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवण्यात रात्र घालवली, की आठवून बघायला वेळच उरत नाही. शेवटी तडजोड झाली: रंगीत वही बंद करायची नाही, पण तिच्यात फक्त कोऱ्या कागदावर जे आठवलं नाही तेच जाईल.

मराठीचं मला वेगळं सांगायचं आहे. मुक्ताला वाटायचं, इंग्रजीतल्या लेक्चरचा विचार मराठीत केला की आपण मागे पडतो. माझ्यासमोर तिनं तोच विषय आधी इंग्रजीत सांगितला तेव्हा स्लाइडवरची वाक्यं आली. मराठीत सांगितला तेव्हा "म्हणून", "त्यामुळे", "पण मग" हे शब्द आले, आणि कुठे कळलेलं नाही तेही लगेच उघडं पडलं. पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून कार्यकारण मराठीत मांडायचं, आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) इंग्रजीत असते म्हणून शेवटची एक फेरी मोठ्याने इंग्रजीत करायची, असं आम्ही ठरवलं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी याची लाज बाळगू नये, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

वेगाबद्दल सगळेच विचारतात. 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासात दुप्पट वेगापर्यंत विद्यार्थ्यांचं फारसं नुकसान झालं नाही, त्यापुढे झालं. पण ते व्हिडिओ छोटे होते, विषय रोमन साम्राज्यासारखे. रिसेप्टर आणि एन्झाइमची साखळी पहिल्यांदा कळून घेताना दुप्पट वेग लावू नका. 1.25 पुरे. अडलेला भाग परत बघताना खुशाल वाढवा.

बॅकलॉगचं दुखणं मात्र अभ्यासाच्या पद्धतीपेक्षा खोल निघालं. न पाहिलेली कितीतरी लेक्चर्स साठली होती. मी सुचवलं, आधी दहा एमसीक्यू सोडव. सात-आठ बरोबर आले आणि ते का बरोबर हे सांगता आलं, तर ते लेक्चर बघूच नकोस. तिला हे पटेना. बऱ्याच वेळाने बोलली, "पप्पांनी सोयाबीनच्या पैशातून ॲपचे पैसे भरलेत." एकही लेक्चर सोडणं म्हणजे वडिलांचे पैसे वाया घालवणं, असा हिशोब तिच्या मनात होता. वडीलही रोज फोनवर प्रेमाने एकच विचारायचे, "आज किती लेक्चर झाले?"

मी तिला म्हटलं, आकडा सांगू नकोस, आज काय कळलं ते सांग. त्या आठवड्यात तिनं वडिलांना सांगितलं, की फवारणीचं विष कातडीतूनही अंगात जातं, म्हणून घरी आल्यावर कपडे लगेच बदलायचे, साबणाने अंघोळ करायची आणि ते कपडे वेगळे धुवायचे. वडिलांनी तिला बरेच प्रश्न विचारले. दोनाची उत्तरं तिला आली नाहीत, ती तिनं शोधून दुसऱ्या दिवशी सांगितली. मला वाटतं, खरा बदल तिथे झाला.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. कोरा कागद जवळपास कोराच राहायचा आणि ती चिडून फोन करायची. नंतर एका तासाच्या लेक्चरला आठवून लिहिणं धरून दीड-पावणेदोन तास पुरू लागले आणि ती बाराच्या आत झोपू लागली. पुढच्या इंटर्नलला फार्मॅकमध्ये पास झाली, गुण बेताचेच. मायक्रोबायॉलॉजी अजून मागे आहे. तिथे सूक्ष्मजीवांची नावं इतकी, की नुसतं आठवून लिहिणं पुरत नाही, दर काही दिवसांनी उजळणी करावीच लागते. आता ती त्याचं वेळापत्रक करते आहे.

पहिल्या भेटीत मी तिला झोप, भूक, रडू येणं आणि जगण्याबद्दलचे विचार यांविषयीही विचारलं होतं. परीक्षेच्या ताणापलीकडचं काही तिच्यात दिसलं नाही, म्हणून आम्ही अभ्यासाच्या पद्धतीकडे वळलो. प्रत्येकाचं तसं नसतं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, संपवून टाकावंसं वाटत असेल, तर लेक्चरचं वेळापत्रक बाजूला ठेवा आणि आपल्याच महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात जा. कुणाला भेटायची हिंमत होत नसेल तर 14416 वर टेली-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.